लग्नात वजा नको

आमच्या आसाराममामाचं आणि गणिताचं शाळेपासून वाकडं. तरी त्यानं युसूफ वडगावच्या बाजारतळासमोर दुकान थाटलं ते वधू-वर सूचक मंडळाचं, आणि त्या धंद्यात दिवसभर आकडेच असतात. वय, उंची, पगार, शेत किती एकर, त्यातलं पाण्याखाली किती. पंचवीस वर्षं हे सगळं एका लाल वहीत होतं. पण जुळवलेलं एखादं लग्न बिनसलं की दोन्हीकडची माणसं दुकानावर येऊन मामाच्या नावानं शिमगा करायची. शेवटी मामानं डोकं चालवलं.

"उज्जे, तू ते वेबसाइटचं शिकलीस ना? मंडळाची एक करून दे. उद्या कुणाचं बिनसलं तर सांगता येईल, मी न्हाई जुळवलं, कॉम्प्युटरनं जुळवलं."

मी उज्ज्वला. पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरी बसून जावास्क्रिप्ट लिहिते. वडील नाहीत, त्यामुळे आमच्या घरात लग्नाकार्याच्या बाबतीत मामाचा शब्द शेवटचा. आणि मी तिशीला टेकलेली, म्हणजे पै-पाहुण्यांच्या लेखी मी म्हणजे एक अर्धवट वाक्य. "पोरगी लई हुशार हाय, पण..." या पणाच्या पुढे कुणी काही बोलत नाही, नुसता चहा पितात. मला त्या चहाचासुद्धा राग येतो.

तर वेबसाइट. जावास्क्रिप्टमध्ये मॅथ नावाचा एक तयार पेटारा असतो. आकडेमोडीची हत्यारं त्यात आधीच घासूनपुसून ठेवलेली असतात, आपण फक्त नाव घेऊन हाक मारायची. फ्लोअर म्हटलं की अपूर्णांक कापून खालचा आकडा मिळतो, सील म्हटलं की वरचा, राउंड म्हटलं की जो जवळ असेल तो. मी हे मामाला समजावून सांगत होते तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"म्हंजी हे तर आपल्याकडं पैल्यापासूनच हाय की!"

आणि खरंच होतं. मुलीच्या बापाला फ्लोअर शिकवावं लागत नाही. एकोणतीस वर्षं अकरा महिने म्हणजे एकोणतीस. मुलाच्या बापाला सील तोंडपाठ असतं. पाच फूट सव्वाचार इंच म्हणजे पाच फूट पाच, पावणेतीन एकर म्हणजे तीन. राहिलं राउंड, तर ते खातं आमच्या रामहरी गुरुजींकडे. गावात कुणाच्या जन्माची नोंद नसायची, तेव्हा पोरगं शाळेत आलं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं झालं, तारीख एक जून. नाही लागला तर पुढच्या वर्षी ये. मी शाळेत गेले तेव्हा खरे दाखले निघायला लागले होते, तरी गुरुजींनी सवयीनं माझीही एक जूनच लावली. मामाची एक जून, माझी एक जून, मंडळाच्या चारशे अर्जांपैकी दोनशे सत्तर अर्ज एक जूनचे. माझ्या आयुष्यात एवढी सरळ माहिती मला कुठल्याच कंपनीनं दिली नव्हती.

मग मामानं अटी सांगितल्या. सगळ्यात मोठी अट त्यानं टेबलावर हात आपटून सांगितली.

"मुलगा मोठाच पायजे. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. ह्यात काडीचा बदल चालायचा न्हाई."

दगडामामी तिथेच शेंगा फोडत बसली होती. ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. पाचच मिनिटांपूर्वी आम्ही चहा घेतला होता.

"चाचणीसाठी एक जोडी पायजे," मी म्हटलं. "तुमचंच टाकते. तुमची तारीख?"

"एक जून त्र्याहत्तर."

"मामींची?"

"तिची टाक कायबी. ती कुठं शाळेत गेलती?"

मी मामीला शहात्तर साल देऊन टाकलं आणि पुढे गेले.

आठवड्यात साइट उभी राहिली. वर गणपती, त्याखाली मामाचा फेटा बांधलेला फोटो, आणि त्याखाली जोड्या. न जुळलेल्यांची यादी वेगळी, कारणासकट. मामा ती यादी बघता बघता एकदम ताठ बसला.

"हे आडवं काय हाय?"

एका जोडीत मुलगी वर्षानं मोठी होती. मुलाच्या वयातून मुलीचं वय वजा केलं की जे उरतं ते तिथं दिसत होतं: फरक, वजा एक.

"वजा हाय ते, मामा."

"वजा? वर गणपती अन् खाली वजा? आगं, आपण आहेर करताना पन्नास देत न्हाई, वर एक ठेवून एक्कावन देतो. लग्नाच्या कामात वजा कावून आलं? काढ ते. साइटीवर मला एकबी वजा दिसाया नको."

"मामा, ते वजा काही तरी सांगतंय—"

"मला काय सांगायचं न्हाई त्यानं. काढ."

त्या दिवशी पुण्याहून माझ्या साहेबाचे सात मेसेज आले होते आणि मामा खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. मी चिडले. मॅथच्या पेटाऱ्यात अॅब्स नावाचं एक हत्यार असतं. दोन आकड्यांमध्ये अंतर किती तेवढं ते सांगतं, कोण पुढे आणि कोण मागे ते सांगत नाही. वजा तीन दिलं तर तीन, अधिक तीन दिलं तरी तीन. खरं तर ते फक्त पडद्यावर दाखवताना लावायचं होतं. मी रागाच्या भरात ते मुळाशीच, जिथं फरक काढला जातो तिथं लावलं आणि लॅपटॉप मिटला. सगळी वजाबाकीची चिन्हं गेली. मामानं खूश होऊन मला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला.

आता तानाजीबद्दल सांगते. तानाजी उमापूरकडचा, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, केजला बदलून आलेला. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची आणि कानात बिल्ला मारायचा हे त्याचं काम. बिल्ल्यांचे नंबर नोंदवायला त्याला एक साधं पान हवं होतं, ते मी करून दिलं. पान अगदी व्यवस्थित चालत होतं. तरी दर गुरुवारी तो "पान अडकतंय" म्हणून यायचा, हाताला फिनेलचा वास, आणि लॅपटॉपसमोर बसून म्हणायचा, "आत्ता चालतंय की." पाचव्या गुरुवारी मी त्याला सरळ विचारलं, "पान खरंच अडकतं का?" तो म्हणाला, "न्हाई." मला इतकं हसू आलं की आईनं आतून विचारलं काय झालं.

त्याच दिवशी मी त्याला माझं वय सांगितलं. फ्लोअर न करता. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. "मंग?" एवढंच तो म्हणाला. पण मामाची अट मला माहीत होती आणि आई मामाच्या शब्दाबाहेर जायची नाही हेही माहीत होतं. तानाजीनं अर्ज भरला, माझा अर्ज आईनं आधीच भरला होता, आणि मी मनाशी म्हटलं, आपण लिहिलेल्या साइटवर आपणच नापास होणार.

मंडळाच्या वधू-वर मेळाव्याच्या आठ दिवस आधी मी जोड्या तपासत होते. सतराव्या नंबरला माझं नाव आलं. शेजारी तानाजीचं. गुण शंभरपैकी ब्याण्णव. फरक, दोन.

मी तो आकडा बघत बसले. कारण कळायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. अॅब्स. चार नंबरच्या जोडीतही मुलगी मोठी होती, अकरा नंबरलाही. सुधारायला एक शब्द खोडायचा होता. मी कर्सर त्या शब्दावर नेला. नोकरीत मी दुसऱ्याच्या अशा चुकीवर पानभर उपदेश लिहिते. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. मी जेवून आले आणि चूक तशीच ठेवली. उगाच खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम ठेवली.

मेळावा होता केजला, एका मंगल कार्यालयात, रविवारी, एक जूनला. "एवढ्या लोकांचा वाढदिवस एकाच दिवशी, ह्याच्यापेक्षा चांगला मुहूर्त कुठला?" हा मामाचा विचार. रामहरी गुरुजींना पहिल्या रांगेत बसवलं होतं, शाल-श्रीफळ देऊन. सूत्रसंचालकानं सांगितलं, ज्यांचा आज वाढदिवस असेल त्यांनी कृपया उभं राहावं, आणि अर्ध्याहून जास्त कार्यालय उठलं. मांडववाला उठला, उपमा वाढणारा हातात पळी घेऊन उभा राहिला. गुरुजींनी मागे वळून बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले. एवढी लेकरं त्यांनी एका दिवसात जन्माला घातली होती.

मग मामानं माइक घेतला. मी स्टेजच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसले, मागच्या पडद्यावर एकेक जोडी येत होती आणि मामा खड्या आवाजात वाचत होता. नाव, गाव, जन्मसाल, शिक्षण, गुण, फरक. प्रत्येक जोडीनंतर तो म्हणायचा, "हे मी सांगत न्हाई, कॉम्प्युटर सांगतोय," आणि टाळ्या पडायच्या. चार नंबरच्या जोडीच्या आया तर लगेच शेजारी जाऊन बसल्या आणि एकीनं दुसरीच्या ताटात स्वतःचा लाडू ठेवला.

सोळा झाले. मी बटण दाबलं.

"जोडी नंबर सतरा," मामा वाचू लागला आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "आरं, ही तर आमचीच पोरगी. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी उज्ज्वला, युसूफ वडगाव. अन् मुलगा, तानाजी, उमापूर, सरकारी नोकरी! गुण ब्याण्णव! कडूबाई, तुझ्या लेकीचं ऐकलं का गं? फरक दोन वर्षं. हे मी सांगत न्हाई—"

"आसाराम," पहिल्या रांगेतून गुरुजी म्हणाले. "पोरीचं साल पंच्याण्णव हाय. मीच घातलंय. अन् मुलाचं सत्त्याण्णव दिसतंय तिथं."

"हा, मंग दोनच झाले की गुरुजी."

"दोनच झाले. पण पोरगी मोठी हाय."

मामा पडद्याकडे वळला. त्यानं बोटांवर मोजलं, एकदा या बाजूनं आणि एकदा त्या बाजूनं. कार्यालयात कुजबुज सुरू झाली, लोकांनी हातातली छापील यादी उलगडली आणि मागच्या जोड्याही मोजायला लागले. चार नंबरच्या मुलाची आई ताट घेऊन उभी राहिली.

"आमची बी सून मोठी निघाली! आता आमी बसावं का उठावं, ते तरी सांगा."

"मशीन चुकलं!" मामा माइकवर ओरडला. "शांत रहा, मशीन चुकलं हाय."

हे ऐकून मात्र मला राहवलं नाही. माझी एवढी मेहनत, आणि हा माणूस चारशे लोकांसमोर तिला चुकलं म्हणत होता.

"मशीन चुकलं न्हाई, मामा. तुमी सांगितलं, लग्नात वजा नको. वजा काढलं की कोण मोठं अन् कोण लहान ते कळत न्हाई. फक्त फरक कळतो."

"मशीन चुकलं असंल," मागून कुणीतरी म्हणालं, "तर मंग सगळ्याच जोड्या चुकल्या का?"

ज्या कॉम्प्युटरच्या आड मामाला उभं राहायचं होतं तोच त्यानं सगळ्यांसमोर बाजूला सारला होता. त्यानं माइक खाली केला आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "उज्जे, आत्ताच्या आत्ता नीट कर. किती येळ लागंल?"

"एक शब्द खोडायचाय."

"मंग खोड."

मी लॅपटॉपवर कोड उघडला. तो शब्द समोर होता. खोडला असता तर चार, अकरा आणि सतरा या तीन जोड्या पडद्यावरून गेल्या असत्या आणि पुन्हा कुणी काही बोललं नसतं. मला रडू यायला लागलं, आणि मला रडू आलं की मी आणखी चिडते.

"मला न्हाई खोडायचं. मला ठाऊक व्हतं, मामा. आठ दिवसांपासून ठाऊक हाय. मीच ठेवलं. मला ह्याच्याशीच लग्न करायचंय."

मामानं माइक खाली धरला होता, पण तो बंद नव्हता. माझं शेवटचं वाक्य मागच्या भिंतीपर्यंत गेलं. तिसऱ्या रांगेत तानाजी उभा राहिला, कान लाल झालेले. "मला बी ठाऊक व्हतं," तो म्हणाला. "मला चालतं." आणि पुन्हा बसला. माझ्या आईनं पदर तोंडाला लावला आणि शेजारणीला म्हणाली, "मला काय माहीत बया, कॉम्प्युटर जुळवतोय."

"अन् मला न्हाई चालत!" मामा गरजला. "पंचवीस वर्षं मंडळ चालवतोय. मुलगी मोठी असली की संसार टिकत न्हाई. एक तरी दाखवा मला टिकलेला."

तेव्हा चहाच्या टेबलाकडून दगडामामी आली. हात पदराला पुसत ती स्टेजच्या पायऱ्या चढली आणि मामाच्या हातातून माइक घेतला. तिनं आयुष्यात माइक धरला नव्हता, तो तिनं लाटण्यासारखा आडवा धरला. मी तो सरळ करून दिला.

"बाहत्तरच्या दुष्काळात," मामी म्हणाली, "मी आयसंगं खडी फोडायच्या कामावर जायची. तितं खायाला सुकडी मिळायची. माझा वाडगा येगळा व्हता. मी चालत व्हते, बोलत व्हते, वाडगा घेऊन रांगंत उभी ऱ्हात व्हते. हे तवा जन्मले बी नव्हते."

उपमा वाढणाऱ्यानं पळी खाली ठेवली. मामी पुढं बोलू लागली.

"म्हंजी मी मोठी. चार वर्षांनी तरी. बत्तीस वर्षं झाली लग्नाला. दोन पोरं झाली, घर बांधलं, ह्यांचं पोट दोनदा उघडून शिवलं, तवा मी उशाशी व्हते. आता सांगा, काय टिकलं न्हाई?"

"आगं," मामा म्हणाला. मग त्यानं गुरुजींकडे हात केला. "माझी तारीख अंदाजानं घातलेली हाय. गुरुजी, सांगा की!"

गुरुजी काठी टेकून उभे राहिले. "खरं हाय. आसारामचा हात आखूड. कानाला पोचंना, म्हणून म्या त्याला एकदा माघारी लावलं. एखादं वरीस इकडं-तिकडं धरा."

"धरा," मामी म्हणाली. "दोन धरा. तरी मीच मोठी."

पहिल्यांदा कोण हसलं ठाऊक नाही. बहुतेक तो पळीवाला. मग सगळं कार्यालय हसलं, गुरुजी हसले, आणि चार नंबरच्या मुलाची आई म्हणाली, "मंग आमी बसतो बाबा," आणि तो लाडू खाऊन टाकला. मामा स्टेजच्या मधोमध उभा होता. मला त्याची दया आली. बत्तीस वर्षं त्यानं ती गोष्ट झाकून ठेवली होती, आणि तीही मामीला पहिल्यापासून ठाऊक असताना.

त्यानं मामीकडून माइक परत घेतला, घसा साफ केला. "जोडी नंबर अठरा," त्यानं सुरुवात केली, मग थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मागं घे. सतरा नीट वाचून झाली न्हाई." मी मागे घेतलं. त्यानं ती जोडी पहिल्यापासून वाचली, जन्मसालांसकट, आणि या वेळी "हे कॉम्प्युटर सांगतोय" म्हणाला नाही.

संध्याकाळी खुर्च्या आवरून झाल्यावर मामा माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ चष्मा पुसत राहिला.

"ते आमच्या दोघांचं तू चाचणीला टाकलं व्हतंस ना? माझं अन् तुझ्या मामीचं?"

"हा. मामींचं मी कायबी टाकलं व्हतं. तुमीच सांगितलं व्हतं."

"ते नीट कर. तारीख एक जूनच ऱ्हाऊ दे."

"अन् साल?"

मागे पातेली मोजत असलेली मामी वर न बघता म्हणाली, "एकोणसत्तर टाक. खरं टाक."

मी टाकलं. पडद्यावर दोघांची नावं आली, आणि पुढे, फरक, चार. मामा पुढे वाकून त्या चाराकडे बघत राहिला. त्याच्या आजूबाजूला कुठे आडवी रेघ दिसते का तेही त्यानं बघितलं.

"तो शब्द खोडू का, मामा?"

"कावून? चांगलं दिसतंय की." तो उठला, दोन पावलं गेला आणि वळला. "त्या तुझ्या डॉक्टरला गुरुवारी चहाला बोलाव. दुकानावर नको, घरी. अन् त्याला म्हणावं, पान अडकलंय म्हणून येऊ नको, सरळ ये."